ठमीचं पथ्य

आपल्या घरातली मांजरसुद्धा शाकाहारी आहे, हे श्रीरंग गुर्जर पाहुण्यांना चहा यायच्या आधीच सांगून टाकत.

ते अगदीच खोटं नव्हतं. ठमी स्वयंपाकघरात दूध-पोळी खायची, उन्हाळ्यात ताक-भात चाटायची, आणि ते पाहून पाहुणे माना डोलवायचे. मागच्या दारी, पायरीवर, तिची दुसरी वाटी असे. तीत मांजरांचे कोरडे दाणे पडत. त्या दाण्यांच्या पिशवीवर माशाचं चित्र होतं, म्हणून पिशवीचा मुक्काम स्कूटरच्या शेडमध्ये आणि दाणे काढायचा चमचा वेगळा, ओळखू यावा म्हणून त्याला लाल दोरा बांधलेला. श्रीरंगरावांच्या आईंनी आधीच्या मांजरांपासून घालून दिलेला हा नियम होता. उंबऱ्याच्या आत मांजर आपली, उंबऱ्याबाहेर ती जाणे आणि तिचा देव जाणे. आई जाऊन वीस वर्षं झाली, सांगलीच्या रस्त्यांवर चालकाविना रिक्षा धावू लागल्या, पण चमच्याचा दोरा काही सुटला नाही.

चहा आल्यावर श्रीरंगराव दुसरी गोष्ट सांगत. त्यांच्या पत्नी मृदुलाबाई वेंगुर्ल्याच्या खानोलकरांकडच्या, म्हणजे माशांवाचून जिथे पान हलत नाही अशा सारस्वतांच्या घरातल्या. "पण लग्न होऊन आली आणि हिने मासे सोडले ते सोडले. चाळीसेक वर्षांत एकदा नाव काढलं नाही." हे सांगताना वीज खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाच्या आवाजात एक वेगळाच ओलावा यायचा. मृदुलाबाई तेवढ्यात कप गोळा करून आत गेलेल्या असत.

ठमीला सोळावं वर्ष लागलं तेव्हा तिचे खाण्याचे नखरे सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. आधी दाणे नकोसे झाले, मग पोळी, मग दूधही. वाटीशी जायचं, हुंगायचं आणि पंज्याने फरशी खरवडायची, जणू घाण झाकतेय. मृदुलाबाई तिच्याशी तेवढ्या मालवणीत बोलत. "काय झाला गो तुका? थोडा तरी खा." घरात ती भाषा फक्त मांजरीच्या वाट्याला आली होती. हाताला ठमीचा कणा लागू लागला, तशी दोघांनी तिला टोपलीत घालून डॉक्टर शेरीन मुल्लांकडे नेलं.

"किडनी निम्म्याहून जास्त गेलीय, काका," तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "या वयात बऱ्याच मांजरांचं होतं. पथ्य पाळलं तर अजून वर्ष-दोन वर्षं सुखात काढेल बघा. फॉस्फरस कमी, प्रथिनं मोजकी पण चांगल्या प्रतीची, पोटात पाणी भरपूर."

"दूध-पोळी?"

"बंद. खरं सांगू का? मांजराला टॉरिन नावाचा एक घटक लागतो. आपलं शरीर तो आपलं आपण बनवतं, मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही, मांसामाशातूनच घ्यावा लागतो. नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय थकतं. ही सोळा वर्षं जगली ती मागच्या पायरीवरच्या वाटीवर. आतली वाटी तुमच्या समाधानासाठी होती."

श्रीरंगरावांना हे लागलं. मृदुलाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

पथ्याचा डबा आला. ठमीने तो हुंगला आणि फरशी खरवडली. दुसरा आला, तिसरा आला. आता डॉक्टरांचा आवाज बदलला. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठते आणि मग किडनीपर्यंत थांबावं लागत नाही. ठमी अजून मधूनच चार घास घेत होती, तेवढ्यावर सगळं टांगलेलं होतं. शेवटी डॉक्टरांनी दवाखान्यातली 'सुगरण' घरी न्यायला दिली.

सुगरण म्हणजे मिक्सरएवढं यंत्र आणि त्याच्या पुढ्यात एक उथळ वाटी. मांजर वाटीवर वाकली की यंत्र तिचा श्वास टिपायचं. किडनी थकली की रक्तात साचलेल्या युरियाचा अमोनिया होऊन तो श्वासातून थोडा बाहेर पडतो, त्यावरून आज काय किती चालेल याचा हिशोब व्हायचा. त्याप्रमाणे प्रथिनं, चरबी, टॉरिन आणि पाणी एकत्र घोटून मऊ लगदा तयार व्हायचा, उंदराच्या अंगाइतका कोमट. कारण मांजराला शिकार समजते ती ऊन असताना. प्रथिनं टाक्यांमध्ये यीस्ट वाढवून काढलेली, त्यात कुठल्याही जिवाचा घास नव्हता. खोक्यावर हिरवा ठिपका होता. मागच्या पायरीपाशी प्लग नसल्यामुळे यंत्र स्वयंपाकघरात ठेवणं भाग होतं. श्रीरंगरावांनी ठिपका दोनदा पाहिला, मग भिंतीवरच्या आईंच्या फोटोकडे पाहिलं आणि ओट्याखाली जागा केली.

खरी करामत वासाची होती. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. काय खायचं ते नाक ठरवतं आणि म्हातारपणी नाक मंदावतं. म्हणून सुगरणीच्या पोटात शेकडो गंधरेणूंच्या बारीक नळ्या होत्या. दर खेपेला ती लगद्यावर वेगळ्या वासाचं मिश्रण फवारायची आणि ठमी किती वेळ हुंगते, कान पुढे येतात की मागे जातात, किती वेळा चाटते, हे पाहायची. पोरं डोळे बांधलेल्या भिडूला 'गार, कोमट, गरम' म्हणत लपवलेल्या वस्तूपर्यंत नेतात, तसं ठमीने यंत्राला आपल्या आवडीपर्यंत न्यायचं होतं.

ठमीने नेलं नाही. कोंबडीचा वास झाला, मोठ्या माशांचा झाला, कलेजीचा झाला. श्रीरंगरावांनी दूध-पोळीचा तुकडा नमुना म्हणून आत ठेवला, तोही वास यंत्राने हुबेहूब काढला. ठमीने एकदा जीभ लावली आणि जाऊन पायपुसण्यावर बसली.

"दोघी सारख्याच," जेवताना श्रीरंगराव म्हणाले. मृदुलाबाईंनी अर्धी पोळी ताटाखाली सरकवली होती. "तूसुद्धा हल्ली खात नाहीस."

"वय झालं आता," त्या म्हणाल्या.

मग एका सकाळी विचित्र घडलं. यंत्र मधूनच एखादा अगदीच नको तो वास नखभर घालून पाहायचं, न जाणो काही हाती लागलं तर. त्या खेपेला त्याने लिंबाच्या सालीचा वास घातला. मांजरं लिंबापासून दूर पळतात. ठमीचे कान पुढे आले. यंत्राने तो धागा पकडला. दुपारी लिंबू जरा वाढलं, संध्याकाळी त्याच कुळातला दुसरा कसला तरी झणझणीत वास त्यात मिसळला, दुसऱ्या दिवशी त्याखाली एक तेलकट, खारट, दाट थर आला. प्रत्येक खेपेला ठमी वाटीत थोडी अधिक वाकत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटी चाटून लख्ख केली आणि रिकाम्या वाटीपुढे बसून ती घुरघुरू लागली.

श्रीरंगरावांना आनंदाने काय करावं कळेना. घरभर एक अनोळखी वास दरवळत होता. त्यांनी मृदुलाबाईंना हाक मारली. त्या केस विंचरत आल्या आणि दारातच थबकल्या. कंगवा केसांतच राहिला.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या.

"अगं, खाल्लं तिने. सगळं खाल्लं."

"घरात हा वास नको. आईंचा फोटो आहे समोर."

श्रीरंगराव बघतच राहिले. आईंच्या फोटोची आठवण हिने त्यांना करून द्यावी, असं या घरात कधी झालं नव्हतं. मृदुलाबाई गॅलरीत गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

वजन करायला डॉक्टर घरी आल्या त्या दिवशी मृदुलाबाई नेमक्या बँकेत गेल्या होत्या. ठमीचं वजन वाढलं होतं. डॉक्टर खूश झाल्या, वाटीशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"अहो काका, काकू तिखलं करतात की काय?"

"कसलं तिखलं?"

"माझं माहेर देवगडचं. हा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. बांगड्याचं तिखलं आहे हे, तिरफळ घातलेलं." त्या हसत होत्या. "तिरफळ आणि लिंबू एकाच कुळातली, म्हणून यंत्राला एकावरून दुसरं सापडलं असणार. पण मुळात हे लिंबू आलं कुठून? लिंबू आवडणारं मांजर मी जन्मात पाहिलं नाही. मासे खाऊन झाले की आम्ही लिंबाची फोड हाताला चोळतो, तसा वास आहे हा. आपल्याला वाटतं वास गेला. मांजराच्या नाकाला कुठला जातोय." बोलता बोलता त्या थांबल्या. "कुणाच्या तरी हाताचा वास आहे, काका. ते बोट तिने लहानपणापासून चाटलेलं असणार." मग श्रीरंगरावांचा चेहरा पाहून त्यांनी घाईने बॅग आवरली. "असेल एखादी जुनी कामवाली. कोण लक्षात ठेवतं."

दारात चपला घालताना, विषय बदलायचा म्हणून, त्या म्हणाल्या, "आता माणसांसाठीही असं ताट येतंय. ज्यांचं जेवण तुटलंय अशा म्हाताऱ्यांसाठी. नुसतं पुढ्यात ठेवायचं, काय हवंय ते तेच शोधून काढतं. काकूंसाठी नाव नोंदवू का?"

"नको," श्रीरंगराव म्हणाले.

त्या गेल्यावर ते ओट्याशी टेकून उभे राहिले. बुधवार. दर बुधवारी दुपारी मृदुला भरतकामाच्या वर्गाला जायची, कालिंदी पेडणेकरांकडे. कालिंदीबाई मृदुला नोकरीला होती त्या शाळेतल्या सहकारी, त्याही वेंगुर्ल्याच्याच. तीस वर्षं भरतकाम चाललं आणि घरात आला तो एकच टेबलक्लॉथ, तोही एका कोपऱ्यात अर्धवट. सोमवार, गुरुवार, शनिवार माणसं पाळतात आणि बुधवारी मासे खातात, हे सांगलीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. हे त्यांना कसं सुचलं नाही? संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिच्या हातांना लिंबाचा वास यायचा. तो वास त्यांना फार आवडायचा. कितीदा तरी त्यांनी तो हात हातात घेऊन तसं सांगितलं होतं, आणि ती हसून म्हणायची, "सरबत केलं होतं." दोन वर्षांपूर्वी कालिंदीबाई गेल्या. तेव्हापासून ना बुधवार, ना लिंबू. तेव्हापासूनच ठमीचं खाणं सुटलं, आणि मृदुलाचंही.

त्यांना राग आला. खरोखर आला. चाळीस वर्षं ते चारचौघांत जे अभिमानाने सांगत होते ते सगळं खोटं होतं, आणि ती आत कप विसळत उभी असायची. रागाने त्यांनी यंत्राचा प्लग हातात धरला. ठमी येऊन रिकाम्या वाटीपाशी बसली आणि तिने वर पाहिलं. तो वास काढला तर ती खाणार नव्हती, आणि तिने खाल्लं नाही तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्यांनी हात मागे घेतला.

मृदुलाबाई आल्या. श्रीरंगरावांनी बरंच घोळवून काढलेलं वाक्य होतं. "आता टाकीतला बांगडासुद्धा मिळतो म्हणे. कुठलाही जीव न मारता केलेला. हिरवा ठिपका आहे त्याला. म्हणजे तसा तो घरात चालायला हरकत नाही."

मृदुलाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"ठमीचं वजन वाढलंय."

"आणि?"

"आणि तिखलं म्हणतात त्याला."

मग मृदुलाबाई खुर्चीवर बसल्या. "मी खाणार नव्हते हो. लग्नानंतर चार-पाच वर्षं खरंच नाही खाल्लं. माहेरी गेले तरी नाही. मग कालिंदीने एकदा नुसतं ताट पुढे केलं. 'खा गो,' म्हणाली. मी रडले होते त्या दिवशी, जेवताना."

"मला सांगायचं होतंस."

"कसं सांगणार? तुम्ही माझं कौतुक करत होतात. प्रत्येक पाहुण्याला. मी आत कप धूत धूत ऐकायची आणि वाटायचं, आता कसलं परत फिरता येतंय. नियम आईंचा होता. त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं. पण त्या गेल्या त्याला वीस वर्षं झाली. त्यानंतर तुम्ही एकदा तरी विचारायचं, मृदुला, तुला काय खावंसं वाटतं."

मांजरीची आवड शोधायला दवाखान्याने यंत्र दिलं होतं, त्यात शेकडो नळ्या होत्या, आणि बायकोची आवड नुसतं विचारून कळली असती. ते त्यांनी कधी केलं नव्हतं. ही गोष्ट श्रीरंगरावांना त्या क्षणी इतकी साधी आणि इतकी लाजिरवाणी वाटली की त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही.

"आणि तो ठिपका नको मला," मृदुलाबाई उठता उठता म्हणाल्या. "तीस वर्षं काय मी ठिपक्यासाठी लपवलं?"

पुढचे दोन-तीन दिवस सुगरण आपलं काम करत होती. तो वास येत होता आणि दोघंही तो येत नसल्यासारखी वावरत होती.

बुधवारी सकाळी श्रीरंगराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. "साडी बदल. बाहेर जेवू या."

"कुठे?"

"तू सांगशील तिथे. मला काय ठाऊक कुठे बरं मिळतं ते."

मृदुलाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या साडी बदलायला गेल्या.

स्टँडच्या मागच्या बाजूला एका मालवणी बाईची खानावळ होती. समुद्र तापल्यापासून बांगडा कमी झाला होता, म्हणून फळ्यावर दोन ओळी होत्या, एक समुद्रातल्याची, एक टाकीतल्याची. मृदुलाबाईंनी समुद्रातला मागवला. श्रीरंगरावांनी सोलकढी-भात. ताट आलं तेव्हा त्यांना वासाने मळमळलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि नजर खाली ठेवली. मग हळूच वर पाहिलं.

मृदुला जेवत होती. एका हाताने काटा अलगद बाजूला करत, रस्सा भातात कालवत, मधेच डोळे मिटत. कपाळावर घाम आला होता, तो तिने मनगटाने पुसला. घरी ती जेवायची ती हजेरी लावल्यासारखी. हिला इतकं मन लावून जेवता येतं, हे त्यांनी लग्नानंतर आज पहिल्यांदा पाहिलं. कालिंदीबाईंनी ते तीस वर्षं दर बुधवारी पाहिलं होतं. श्रीरंगरावांना त्या गेलेल्या बाईचा हेवा वाटला, आणि मग तिचे आभार मानावेसे वाटले.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"कालिंदीच्या हातचं नाही," मृदुलाबाई म्हणाल्या, "पण बरं आहे. तिरफळं थोडी कमी पडलीत."

जेवण झाल्यावर पोऱ्याने कोमट पाण्याचं भांडं आणि लिंबाची फोड आणून ठेवली. मृदुलाबाईंचा हात सवयीने फोडीकडे गेला.

"राहू दे ते," श्रीरंगराव म्हणाले.

"घरभर वास येईल."

"येऊ दे की."

मृदुलाबाईंनी नुसत्या पाण्याने हात धुतला. घरी पोचल्यावर ठमी दारातच भेटली. मृदुलाबाईंनी वाकून बोटं पुढे केली. ठमीने हुंगलं आणि ती थांबली. ओळखीच्या वासातलं काहीतरी नव्हतं. तिने एकदा वर पाहिलं, पुन्हा हुंगलं आणि मग खरखरीत जिभेने बोटं चाटायला सुरुवात केली. "हळू गो," मृदुलाबाई म्हणाल्या.

मग दर बुधवार ठरून गेला. श्रीरंगरावांना मासे कधीच आवडले नाहीत. पण मळमळणं थांबलं, आणि कुठली तिरफळं चांगली यावर त्यांना मतही आलं. पाहुण्यांना सांगायच्या दोन गोष्टी मात्र गेल्या, त्यामुळे चहा येईपर्यंत काय बोलावं याची थोडी पंचाईत होई. दाण्यांच्या चमच्याचा लाल दोरा त्यांनी एके दिवशी कात्रीने कापला आणि चमचा ड्रॉवरमध्ये इतर चमच्यांत टाकला.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टर मुल्ला पुन्हा वजन करायला आल्या. ठमी बारीकच होती, पण अंगावर चमक होती. फॉस्फरस आटोक्यात होता. डॉक्टर नेहमीप्रमाणे वाटीशी वाकल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, यातलं लिंबू गेलं की हो."

"यंत्र बिघडलं का?"

"यंत्र चांगलं आहे. मांजर जे मागेल ते यंत्र देतं." त्यांनी ठमीच्या कानामागे खाजवलं. "हिनेच लिंबू मागायचं सोडलं."

ओट्यापाशी मृदुलाबाई नारळ खवत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण खवणीचा आवाज थोडा वेळ थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.